हिरवं गाव

बिश्केकच्या कचेरीतल्या नकाशावर
हे गाव हिरवं आहे.
हिरवं म्हणजे रेंज आहे.
कंपनीने लिहून दिलं, आम्ही शिक्का मारला.

आज मोजायचं यंत्र घेऊन आले, तर
तोक्तोसुन आजोबांचा फोन
तंबूबाहेर, खांबाच्या टोकाला,
लोकरी पिशवीत लटकलेला.
वाजला की नातू वर चढतो.
तोवर पलीकडचं माणूस कंटाळतं.
"मुलगी मॉस्कोत भांडी घासते," ते म्हणाले,
"तिला ठाऊक आहे. ती दोनदा लावते."

माझ्या फॉर्मात दोनच रकाने: आहे, नाही.
यंत्राचा काटा मधेच थरथरत होता.

मी तिसरा रकाना आखला,
हाताने, वाकडाच,
आणि लिहिलं: खांबावर.

सही, हुद्दा, तारीख.
शिक्का मात्र कचेरीत राहिला होता.