हिरव्या भिंतीसमोर

उभी राहा इथे, लतिका, या टेपच्या खुणेवर.
मागे भिंत आहे. नुसती हिरवी.
विदर्भ तिच्यावर नाही, बंगालचा उपसागरही नाही,
ते सगळं तिकडे, मेश्रामच्या यंत्रात.
आपण रिकाम्या भिंतीवर बोट टेकवून
"इथे" म्हणायचं असतं.

बाजूच्या मॉनिटरमध्ये बघ.
ती आरशातली तू नव्हेस, म्हणून हात उलटा जाणार.
पहिला महिनाभर मी तोंडानं बुलढाणा म्हणायची
आणि पंजा गोंदियावर.
वडील घरून मेसेज करायचे :
आज साडेचारशे किलोमीटर चुकलीस.

अगं, हा चुडा!
किती झाले लग्नाला, पंधरा दिवस?
बघ, मनगटं गायब.
पंजे सुटे तरंगताहेत
आणि बांगड्यांच्या जागी भंडाऱ्याचे ढग सरकताहेत.
मेश्राम कानात हसतोय. हसू दे.
काढू नकोस. उद्यापासून बाह्या लांब घे, बस.

आता चित्र.
उपग्रहाचं आधी. वर बसलेल्याला ढगाची पाठ दिसते,
आपण पोटाखाली राहणारी माणसं.
पांढरं दिसलं की पाऊस म्हणू नकोस.
पांढऱ्यात पुष्कळदा नुसती थंडी असते, उंचावरची,
आणि खाली सीताबर्डीत डांबर चपलेला चिकटत असतं.

शब्द थोडेच आहेत आपल्याकडे.
तुरळक. हलका ते मध्यम. मेघगर्जनेसह.
"शक्यता" जरा सावकाश म्हण,
लोक नेमका तेवढाच शब्द गाळून ऐकतात.

रडारचं वेगळं. ते हाक मारतं
आणि परत आलेलं रंगवतं,
हिरवं, पिवळं, लाल, फार झालं तर जांभळं.
पण हाकेला ओ कोण देईल, सांगता येत नाही.
एका मे महिन्यात, पहाटे, तलावाच्या बाजूनं
एक कडं उमटलं, वाटोळं, पसरत गेलेलं.
सहाच्या बातम्यांत मी म्हणाले, पाऊस.
ते बगळे होते, झाडांवरून उठलेले.
दुपारी महालातून एका बाईंचा फोन :
"मॅडम, तुमच्यापायी साऱ्या कुरडया उचलल्या मी गच्चीवरच्या,
अन् ऊन पाहा कसं मस्त तापून राहिलं!"
मी माफी मागितली. बगळ्यांचं सांगितलं नाही.
त्या जरा थांबल्या.
"मंग उद्या टाकू का? तेवढं सांगा."

आणि एक, हे कुठल्या फायलीत नाही.
रडार आपलं सोनेगावला, विमानतळाच्या कडेला.
त्याला वर्ध्यापलीकडचं दिसतं, छिंदवाड्याचं दिसतं,
स्वतःच्या डोक्यावरचं तेवढं दिसत नाही.
मधोमध एक कोरा गोल राहतो, बांगडीएवढा.
माझं घर त्या गोलात आहे.

फेब्रुवारीतली रात्र. मी इथे, याच टेपवर,
"शहरात हवामान कोरडं राहील."
घरी स्कूटरच्या शेडवर गारा.
पोरानं एक उचलून स्टीलच्या डब्यात घातली,
डबा फ्रीजमध्ये, माझ्यासाठी.
साडेअकराला मी चपला काढत होते
तेव्हा त्यानं झाकण उघडलं.
लिंबाएवढी होती म्हणे. उरली होती बोराएवढी.
तो काही बोलला नाही.
ओट्यापाशी उभं राहून आम्ही तिचं पाणी होताना पाहिलं,
मग त्यानं ते तुळशीला घातलं आणि झोपायला गेला.

तेव्हापासून बोट त्या गोलाशी आलं
की मी अर्धा श्वास थांबते.
संपादक म्हणतात, बाई हल्ली नागपूरला अडखळतात.

चल, मेश्राम बोटं मिटायला लागला.
पाच. चार.
बाही खाली ओढ.
भिंतीकडे वळू नकोस, तिथे काही नाही.
हात वर.
म्हण, इथे.