पहिला जाळ

हसुराम मिस्त्री जाताना म्हणाला,
"आज भाकरी नाय टाकायची. आज नुसतं तिचं ऐकायचं."

घणसोली गावठाणात, मागच्या पडवीत
चूल बसलीय. लोखंडी, काळी,
नळी पत्र्यातून वर,
बाजूच्या टॉवरला खेटून.

आधी तोंडाशी उदबत्ती धरली.
धूर जुन्या सवयीनं माझ्या डोळ्यांकडे वळला,
मग काय वाटलं कोण जाणे,
आत गेला.

खिडक्या उघड्या. पायाशी वाळूची बादली.
आंब्याच्या सुक्या काटक्या, मूठभरच.
लोखंड टिकटिकलं,
रंगाचा वास सुटला, नाक झोंबलं.
मी हललेच नाही.

नळीच्या सांध्यासांध्याजवळ उदबत्ती फिरवली.
तिसऱ्याला धूर आत खेचला गेला,
जिथून वाट नकोच होती तिथून.
खडूनं फुली मारली.

तेवढ्यात वैत्यांचा फोन :
शनिवारच्या हळदीला दोनशे भाकऱ्या होतील ना?
"आधी फुली पुसू दे," म्हटलं.
त्यांना काही कळलं नाही.

लाकूड वाढवलं नाही. जाळ आपला आपण बसला.
घरात नवी चूल,
आणि रात्री नाक्यावरचे वडापाव खाल्ले आम्ही.

निजण्याआधी लांबूनच तळवा धरून पाहिला,
ताप आलेल्या पोराचा बघतात तसा.
अजून कोमट होती.
दार थोडं उघडंच ठेवलं.