मे महिन्यातली चादर

विडी घरकुलात पत्रा तापून टकटक वाजतो,
डांबर चपलेला चिकटतं,
आणि अम्मा दुपारी दोन वाजता
जाड चादर गुडघ्यांवर ओढून
पानं कापत बसलेली.
चलि, म्हणायची.
तेलुगूत थंडीला हा शब्द,
आमच्या घरात तो बारा महिने चालायचा.

बायका हसायच्या. नरसव्वाची नाटकं.
पूर्वी दिवसाला हजार विड्या वळायची म्हणे,
माझ्या जन्मानंतर सहाशे, मग चारशे,
त्यातही कारखान्यात छाट निघायची.
आवाज घोगरा झाला, भुवया कडेनं विरल्या,
पाळी पुन्हा आलीच नाही.
बरं झालं, कटकट गेली, म्हणाली सुईण.
दूधही उतरलं नाही.
मला हलिमाबीनं पाजलं,
तिच्या यूसुफच्या वाटणीतलं.

बावीस वर्षं ही सगळी दुखणी सुटी सुटी होती.
मग जुलाबाचं निमित्त झालं
आणि अम्मा उठेचना.
सिव्हिलमध्ये सोडियम निघालं एकशे चौदा.
मंगळवेढ्याकडची एक तरुण डॉक्टरीण,
तिनं रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं,
बाळंतपणात रक्त किती गेलं होतं?
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
अम्मानं बोटं मोडत सांगितलं:
दोन लुगडी, एक गोधडी,
आणि खाटेखालची परात.

मेंदूच्या बुडाशी, हाडाच्या वाटीत,
हरभऱ्याएवढी ग्रंथी असते.
ती थायरॉइडला सांगते, ऊब धर.
मूत्रपिंडांवरच्या टोप्यांना सांगते, संकट आलंय, उठा.
बीजकोशांकडून महिना मोजून घेते.
स्तनांना कळवते, मूल आलं.
पोटुशीपणी ती फुगते, तिची भूक वाढते,
आणि नेमकं तेव्हाच रक्त वाहून गेलं
तर ती उपाशी मरते, आवाज न करता.
बाकी सगळं शरीर धड. फक्त निरोप येत नाही.

जुन्या गिरणीचा भोंगा बंद पडला
तरी आजोबा पहाटे उठून डबा भरून बसायचे.
अम्माच्या आतले कामगार तसे नव्हते.
ते निजूनच राहिले.

पीयूष ग्रंथी, डॉक्टरणीनं चिठ्ठीवर लिहून दिलं.
मी वाचनालयात जाऊन कोश उघडला.
पीयूष: अमृत.
दुसरा अर्थ, नुकत्या व्यालेल्या गाईचं पहिलं दूध. चीक.
कोश मिटला
आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले.
ते रक्त कुणाच्या पायी गेलं
हे मला कोशात बघावं लागलं नाही.

आता सकाळी आधी पांढरी गोळी, मग थायरॉइडची.
सुरुवातही ह्याच क्रमानं झाली, उलटं जिवावर बेततं.
ताप आला तर पांढरी दुप्पट,
हे मी भिंतीवर विड्यांच्या हिशेबाशेजारी
खडूनं दोन्ही भाषांत लिहिलंय.
गेलेल्या वर्षांवर काही गोळी आहे का,
असं अम्मानं विचारलं नाही. मी विचारलं होतं.

दुसऱ्या महिन्यात तिच्या मानेवर काहीतरी चमकलं.
तिनं बोटानं पुसलं, चाटून पाहिलं, खारट.
चादर पायानं लोटली
आणि भिंतीपलीकडे हाक दिली,
अगं हलिमा, किती उकडतंय गं!
तुम्ही लोक कसे राहता इथं?