मापाची वही

पुढून उघडली तर ही वही ब्लाउजांची.
छाती, कंबर, मुंढा, बाहीची उंची.
दांडिया बाजारातल्या निम्म्या बायका
इथे इंचाइंचाने राहतात.

मागून उघडली तर शार्दूल.
तारीख, वेळ, सेकंद, कारण.
कारणाच्या रकान्यात पानभर
नुसत्या आडव्या रेघा.

तान्हा होता तेव्हा कौतुकच होतं.
झोपेत हसायचा. सासूबाई म्हणायच्या,
सटवाई हसवते आहे, उठवू नकोस.
मी उठवलं नाही.

मग सासऱ्यांच्या दहाव्याला हसला.
पिंडाला कावळा शिवत नव्हता,
माणसं श्वास धरून उभी,
आणि हा खदखदतोय,
डोळे मात्र भेदरलेले,
जणू त्याचं तोंड कुणी उसनं नेलंय.
ह्यांनी थोबाडीत मारली.
गालावर बोटं उमटली, हसू तसंच.
सत्तावीस सेकंद. ती पहिली नोंद.

शाळेत बाईंनी विचारलं, "केम हसे छे?"
आणि बाकावर उभं केलं.
तिथेही हसला. पट्टी खाऊन हसला.
एक डॉक्टर म्हणाले, लाड कमी करा.
दुसऱ्यांनी डोक्याला वायरी लावल्या,
कागदावर रेघा निघाल्या,
त्यातही काही नव्हतं.
माझी आई तांदूळ-मिरच्या ओवाळून गेली.

केयूरीबेन मजमुदारांनी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला,
आवाज बंद केला,
फोन माझ्याकडे वळवला.
"आता बघा. हसतोय?"

चार वर्षं मी ऐकत होते.
पाहिलं नव्हतं.

एमआरआयमध्ये सापडलं ते टिचबटणाएवढं,
मेंदूच्या तळाशी, अगदी मधोमध.
कॅन्सर नाही, म्हणाल्या. पोटातच आलेलं.
जिथे असायला नको तिथे टाचलं गेलेलं.
हायपोथॅलॅमिक हॅमार्टोमा.
वहीच्या एका ओळीत मावेना,
मी दोनदा मोडून लिहिलं.

सर्जननी कागदावर आकृती काढली:
इथून नजर जाते,
इथून आठवण, इथून तहान.
जाते म्हणजे ये-जा करते,
की जाते ती जातेच,
मी विचारलं नाही. ह्यांनी सही केली.
त्याच हाताने.

कपाळाशी चौकट, चार स्क्रू,
सात वर्षांच्या डोक्याला लोखंडी मखर.
सुई काय करू शकते मला ठाऊक आहे,
धाग्याभर चुकली की
कापड बोलत नाही, फक्त ओढलं जातं.
टोकाशी चौऱ्याहत्तर अंश. साठ सेकंद.
मग दोन मिलिमीटर मागे. पुन्हा साठ.
मी बाहेर बाकावर बसून
दुपट्ट्याची किनार उसवत होते,
घरी आल्यावर दिसलं.

त्यानंतर घर गप्प.
पाणी फार प्यायचा, आम्ही पेले मोजायचो.
मावशीचं नाव विसरला, पाढे विसरला नाही.
आणि हसला नाही. एकदाही.
ह्यांनी माकडचेष्टा केल्या, जोकर आणला,
तो सभ्यपणे बघत राहिला.
मला वाटलं, बटणाबरोबर
कापडही गेलं.

उत्तरायणला गच्चीवर होतो.
समोर बिपिनभाई तोऱ्यात ढील देत होते,
कुणाच्या तरी मांजात त्यांची माकडटोपी अडकली
आणि निघाली वर, पतंगासारखी,
कानाच्या दोन्ही बंद हलवत.

शार्दूलच्या तोंडातून आवाज आला.

ह्यांचा हात घड्याळाकडे.
माझा वहीकडे.
खालून चिक्कीची ताटली घेऊन येणाऱ्या सासूबाई
जिन्यातच थांबल्या.

तो पोट धरून होता, नाकातून पाणी,
मध्येच एकदम थबकला,
माझ्याकडे पाहून म्हणाला,
"आई, हे ते नाही ना?"

वहीत आजची तारीख आहे.
कारण: बिपिनभाईंची टोपी.
सेकंदांचा रकाना रिकामा,
खाली चिक्कीचा तेलकट अंगठा.
ह्यांचा असावा.