पंखा

कुटाइसीत, पांढऱ्या पुलाच्या अलीकडे
झुराबचं दुकान, कपाटाएवढं.
लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला
आणि पेशंटच्या नातेवाइकासारखी
भडाभडा सांगत सुटले:
नऊ वर्षं झाली, बिजागरी सैल,
सबटायटलं लिहायला बसले की विमान सुटल्यासारखा घरघरतो.

खरं तर मनात नवा ठरला होता.
दोन हजार चारशे लारी, बारा हप्ते.
शोरूममध्ये दोनदा हात फिरवून आले होते त्याच्या पाठीवर.
हवं होतं फक्त कुणीतरी म्हणायला,
बाई, यात आता राम नाही.

झुराबने स्क्रू काढून बशीत ठेवले. सातच.
बाकीचे कधी गळाले, देव जाणे.
झाकण निघालं.
पात्यांमध्ये धुळीचा नमदा,
पावाचा चुरा,
आणि पिवळट केस, फिसोचे.

मांजर जाऊन चार हिवाळे झाले.

त्याने ब्रश फिरवला, फुंकर मारली,
मेमरीची एक पट्टी खटकन बसवली.
"काढेल अजून तीन-चार वर्षं. नव्वद लारी."
इतका खूश होऊन म्हणाला
की आभार मानावे लागले.

घरी येऊन चालू केला.
गार. गप्प.
माझ्या सगळ्या तक्रारी एका फुंकरीत उडवून
साळसूद बसलेला.
चहा ठेवला, काम उघडलं.
नायिका दारात उभी राहून म्हणते,
"जा,, आता थांबू नकोस."

दोन स्वल्पविराम. एक खोडला.
ही कळ झुराबला सांगायची राहिलीच.

राहू दे.
एखादी तक्रार हाताशी असलेली बरी.