अकरा मिनिटं

बर्सलेमच्या कारखान्यात, तीन नंबरच्या भट्टीशेजारी
माझा प्रोग्राम चालतो.
करड्या रंगाची खिडकी, हिरवे आकडे,
दर सेकंदाला एक ठोका:
तापमान वाच, लिही, एक मिळव.
तीन हजार सहाशे झाले की आच उतरव.
एवढंच. शाळकरी पोरानंही केलं असतं.

तरी मंगळवारच्या बशा बिघडून निघाल्या.
काठावरची निळी वेल ओघळलेली,
डोळे चोळल्यावर काजळ पसरावं तशी.
अकरा मिनिटं जास्त तापली, म्हणाला क्लाइव्ह हल्म,
मनगटावरच्या घड्याळावर नख आपटत.
माझ्या पडद्यावर मात्र
तास बरोब्बर तासाचाच होता.

चार दिवस डबा घेऊन भट्टीसमोर ठिय्या दिला.
ठोक्यांमधलं अंतर निम्मं केलं, मग पाव, मग पुन्हा होतं तेवढं.
ठोका पडला की नोंद कर, असं कोडात लिहिलं.
नोंदी सगळ्या ओळीनं आल्या,
एकही गहाळ नाही.
जो पडलाच नाही
तो गहाळ म्हणून तरी कसा दिसणार?

ऑफिसातल्या मशीनवर तर बिघाड यायचाच नाही.
तिथे मी एकटी,
माऊसला हात न लावता
श्वास धरून बघत बसायचे.

शुक्रवारी दुपारी बेरिल टॅम्स आली, चहाचा मग घेऊन.
एकतीस वर्षं या भट्टीवर.
खुर्ची ओढली, माऊस हातात घेतला,
खिडकीची वरची पट्टी पकडली
आणि बोलू लागली:
बहिणीचा गुडघा,
बंद झालेली हॅन्लीची बस,
लीड्सचा मुलगा, जो फोन उचलतो पण करत नाही.
बोट दाबलेलं ते दाबलेलंच.
बोलताना समोरच्याचं मनगट धरून ठेवतात काही बायका,
तसं.

२४:०७.
गुडघा संपला. २४:०७.
बस संपली.
मुलगा संपेना.
२४:०७.

मी चहा सांडला.

खिडकी कुणी धरून ठेवली
की ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.
ठोके दारापर्यंत येतात,
पण रांग लावत नाहीत बिचारे;
चारशे येऊन गेले तरी
दार उघडल्यावर पायरीवर एकच उभा.

आमच्याकडे पूर्वी लग्नघरी
घंगाळात तांब्याची वाटी सोडायचे, बुडाला भोक पाडलेली.
भरली, बुडाली, की एक घटका.
जोशीबुवा ती उचलून पुन्हा सोडायचे,
भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढायचे.
आणि जोशीबुवा गप्पांत रमले तर?
वाटी तळाशी पडून राहायची.
भिंत म्हणायची, अजून वेळ आहे.
सूर्याला भिंत वाचता येत नव्हती.

मी भिंतीवर विसंबले होते.
सहा ओळी खोडल्या, दोन लिहिल्या:
ठोके मोजायचे नाहीत;
ठोका आला की घड्याळालाच विचारायचं, किती वाजले,
आणि त्यातून सुरुवात वजा करायची.
आच उतरवायचं काम खिडकीकडून काढून
मागच्या खोलीतल्या कुणाला तरी दिलं,
ज्याच्याशी कुणी बोलायला जात नाही.

क्लाइव्हला सांगितलं, हिशेबात घोळ होता, माझ्याच.
ते खोटंही नव्हतं.

सोमवारी बेरिल पुन्हा पट्टी धरून बसली.
मुलाचा फोन आला होता, आपणहून,
पैशांसाठी, पण आला होता.
बोट सुटलं तसे आकडे दचकले:
२४:०७ वरून थेट ३१:४०.
अगं बाई, इतका वेळ कुठे गेला? असं काहीसं
ती तिच्या भाषेत म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही.
बिघडलेल्या बशांतली एक तिनं माझ्यासाठी ठेवली होती,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
वेल एका बाजूनं वाहत गेलेली,
थेंब काठावर येऊन थांबलेला.
आच नेमकी तेव्हा उतरली असणार.