सीलबंद

पेटी आली त्या वर्षी मी शाळेच्या कोठीवर कारकून होतो.
अजूनही आहे.
कात्सिना-आला नदी ओलांडून लॉरी आली,
अठरा पोरांनी ओढत आत नेली.
वहीत लिहिलं : लेथ, नग एक, सीलबंद.
दरवर्षी तेच लिहितो.
अक्षर तेवढं म्हातारं झालं.

वीज येणार होती. खांब आले, तारा राहिल्या.
मकुर्दीहून इओर्फा मास्तर आले, दोन सत्रं टिकले;
सिमेंटच्या कारखान्यात दुप्पट पगार होता
आणि त्यांनाही लेकरं होती.
सोबतचं पुस्तक कुठल्या भाषेतलं,
ते अजून कळलेलं नाही.

पालकसभेत तेरवेरचा बाप उठला :
"हातोडा माझ्या घरीच आहे.
त्यासाठी कोनफळं विकून फी भरत नाही मी.
याला कोट घालायला शिकवा."
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

म्वेसे लोहाराची. बाजाराच्या दिवशी भाता ओढायची,
दुसऱ्या दिवशी नखांत काजळी घेऊन वर्गात.
बदली मास्तर म्हणाले, आधी हात धुऊन ये.
तास धातुकामाचा होता.

परीक्षेत प्रश्न आला :
लेथची आकृती काढा, भागांना नावे द्या. गुण दहा.
बाकीच्यांनी फळ्यावरची घोकलेली उतरवली.
तिनं पाहिलं होतं ते काढलं :
पेटी.
वर जाणारे बाण, न फुटलेला पेला, उघडी छत्री,
आणि खिळे, मोजून बेचाळीस.
तपासणाऱ्यानं शून्य दिलं.
शून्य मात्र सुबक,
लेथवर कातल्यासारखं.

परवा कोठीच्या कुलपात किल्ली मोडली.
मुख्याध्यापकांनी बोलावलं, ती आली,
पाठीला बाळ बांधलेलं.
जेवढ्या वेळात मी चष्मा पुसला
तेवढ्यात कुलूप उघडलं.
मग आत येऊन पेटीपाशी थांबली,
फळीवर तळवा ठेवला,
गाभण गाईच्या पोटावर ठेवावा तसा.
"उघडू का एकदा?"

गुरुवारी तपासणी होती.
म्हणालो, गुरुवारनंतर बघू.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
पैसे मोजून घेतले, बाळ सावरलं, गेली.

संध्याकाळी वही काढली.
लेथ, नग एक, असं लिहून थांबलो.
उठून कंदील धरला, खिळे मोजले.
परत मोजले.

एकेचाळीस.